अक्षर आडात हवे

संगणकावर कृतिदेव फॉन्ट लावून ‘भंडारा’ टाइप करा. पडद्यावर भंडारा दिसते आणि कागदावरही भंडाराच छापून येते. फाईलच्या पोटात मात्र ना भ असतो, ना अनुस्वार, ना ड, ना काना. तिथे सात इंग्रजी अक्षरे असतात : एच, के, ए, एम, के, जे, के. ज्याला दिसत नाही आणि जो स्क्रीन रीडरकडून मजकूर ऐकतो, त्याच्या कानावर आपल्या जिल्ह्याचे नाव असे पडते. यात स्क्रीन रीडरची चूक नाही. फाईलमध्ये जे होते तेच त्याने वाचले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दिव्यांगांना वापरता येतील अशी डिजिटल कागदपत्रे, चित्रे, ध्वनिफिती आणि चित्रफिती कशा करायच्या, हा या पुस्तिकेचा विषय आहे. ती लिहिली आहे ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकासाठी, सेतू केंद्र चालवणाऱ्यासाठी, शाळेच्या ग्रुपवर सूचना टाकणाऱ्या गुरुजींसाठी आणि लग्नपत्रिकेपासून सहकारी संस्थेच्या वार्षिक अहवालापर्यंत सगळे करून देणाऱ्या डीटीपीवाल्यासाठी. अधिकाऱ्यांनी वाचली तर उत्तमच. पण कागद सगळ्यांना वाचता येईल की नाही, हे बहुतेक वेळा अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरत नाही. ते ठरते टाइप करणाऱ्याच्या हाताखाली, आणि तेही पहिल्या दोन-चार मिनिटांत.

या विषयावरचे जगभरातले लेखन आपण वाचतो ते इंग्रजीतून. वेबसाठीची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये पहिल्यांदा आली, २००८ मध्ये ती नव्याने मांडली गेली, पुढे २०१८ आणि २०२३ मध्ये त्यांत भर पडली. चित्राला पर्यायी मजकूर द्या, मथळ्यांना मथळ्याची शैली द्या, रंगांत पुरेसा फरक ठेवा, चित्रफितीला कॅप्शन द्या, असे ती तत्त्वे सांगतात. सगळे खरे आहे. मात्र ती लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे : ‘ए’ म्हटले की फाईलमध्ये ‘ए’च असणार. मराठीत हे गृहीत धरता येत नाही. आपला प्रश्न त्यांच्या पहिल्या पायरीच्याही खालून सुरू होतो. म्हणून पुस्तिकेचे पहिले प्रकरण, जरा रुक्ष वाटले तरी, फॉन्टचे आहे.

हा गोंधळ कोणाच्या दुष्टपणातून झालेला नाही. संगणक आले तेव्हा मराठी टाइप करणाऱ्यांची बोटे रेमिंग्टन टाइपरायटरवर तयार झाली होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले की त्याच बोटांनी काम सुरू होत होते. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव असे एकेक घराणे उभे राहिले आणि प्रत्येकाने आकार आपापल्या जागी बसवले. एकाची फाईल दुसऱ्याकडे उघडली की नुसते किडे-मुंग्या! देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, जागा मिळाली ती त्याच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानकही त्याच वर्षीचे. म्हणजे तोडगा तेव्हापासून होता. त्याची गरज वाटत नव्हती, कारण कागद छापून हातात देईपर्यंतच सगळ्यांचा संबंध. छापलेल्या कागदावर कृतिदेव आणि युनिकोड यांत काडीचा फरक नाही. फरक पडतो तो शोधताना, कॉपी करताना, फोनवर पाठवताना आणि ऐकताना.

राज्य शासनाने कामकाजात युनिकोड वापरण्याचे आदेश केव्हाच काढले आहेत. तरी तालुक्याच्या गावी गेलात तर जुने फॉन्ट अजून जिवंत सापडतील. विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘साहेब, आमचा हात त्याच्यावर बसलाय.’ या उत्तराला मी हसत नाही. हात बसलेला माणूस तासाला जेवढी पाने काढतो, तेवढ्यावर त्याचे दुकान चालते. त्याला एवढेच सांगायचे आहे की हात बदलावा लागत नाही. त्याच रेमिंग्टन मांडणीचा कीबोर्ड युनिकोडसाठीही मिळतो. बोटे तीच ठेवायची, फाईलमध्ये मात्र खरी अक्षरे उमटतात. जुन्या फाईली पालटणारी मोफत साधनेही आहेत. पालटल्यावर जोडाक्षरे आणि रफार एकदा नजरेखालून घालायचे, बस्स.

युनिकोडमध्ये टाइप केले की गंगेत घोडे न्हाले, असेही नाही. ‘विदर्भ’ हा शब्द घ्या. आपण आधी व म्हणतो, मग त्याची पहिली वेलांटी. दिसायला मात्र वेलांटी आधी आणि व नंतर. रफाराचे उलटे : उच्चारात र् आधी आणि भ नंतर, पण रफार चढतो भ च्या डोक्यावर. पीडीएफ ही मुळात पानावर कोणता आकार कुठे बसवायचा याची नोंद. ती फाईल बेफिकिरीने केली असेल तर आतली अक्षरे दिसण्याच्या क्रमाने पडतात, उच्चाराच्या क्रमाने पडत नाहीत. मग वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, रफार गळतो, आणि विदर्भाचे काहीतरी भलतेच ऐकू येते. वर्डमधून ‘प्रिंट’ करून पीडीएफ बनवण्यापेक्षा ‘सेव्ह ॲज’मधून टॅगसह बनवली तर नुकसान कमी होते. तरीही ऐकून पाहिल्याशिवाय भरवसा ठेवू नये. मुख्य म्हणजे पीडीएफसोबत मूळ वर्ड फाईल देण्यात कमीपणा नाही.

सर्वांत मोठा अडसर याहून साधा आहे. कागद युनिकोडमध्ये टाइप होतो, छापला जातो, साहेबांची सही होते, शिक्का बसतो, मग तोच कागद स्कॅन करून टाकला जातो. जी फाईल सकाळी वाचता येत होती, ती दुपारी फोटो होऊन बाहेर पडते. सही-शिक्क्याशिवाय कागद खरा वाटत नाही, ही आपली जुनी सवय. सातबारा डिजिटल सहीचा मिळू लागला आणि बँकांनी तो घेतला, म्हणजे सवय बदलू शकते हे उघड आहे. तोवर सही-शिक्क्याच्या स्कॅनखाली तोच मजकूर टाइप केलेल्या स्वरूपात चिकटवावा. तो आधीच तयार असतो, फक्त फेकून दिला जातो.

लाखनीकडचा माझा एक तरुण मित्र जन्मापासून अंध आहे. फोनवरचा टॉकबॅक हा स्क्रीन रीडर तो इतक्या वेगाने चालवतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द लागत नाही. त्याला गावातल्या ग्रुपवर संदेश येतो. तो बोट टेकवतो आणि फोन सांगतो, ‘फोटो’. खाली आणखी एक, ‘फोटो’. यातला एक फोटो सुप्रभाताचा, गुलाबाच्या फुलांचा. दुसरा धान विक्रीच्या ऑनलाइन नोंदणीची शेवटची तारीख सांगणारा. त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. घरी दोन एकर धानाची शेती, ई-पीक पाहणीपासून ई-केवायसीपर्यंत सगळे फोनवर, आणि तारीख कळायला शेजारच्या मुलाची वाट पाहायची. फोटोतला मजकूर ओळखणारे ॲप त्याच्याकडे आहे. पण नोटीस फलकावर लावलेली, फोटो तिरपा काढलेला, त्यावर काचेची चकाकी. ॲप तरी काय करणार? फोटोखाली दोन ओळी टाइप केल्या असत्या तर काम भागले असते. ‘धान नोंदणीची शेवटची तारीख अमुक, केंद्र अमुक, सोबत सातबारा आणि बँकेचे पासबुक.’ ज्यांना दिसते पण अक्षरओळख कमी आहे, त्यांनीही त्या ओळी फोनकडून वाचून घेतल्या असत्या.

टाइप करतानाच्या काही खोडी केवळ आपल्याच आहेत, इंग्रजी पुस्तकांत त्या सापडायच्या नाहीत. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांत जागा सोडायची, ‘सू च ना’. डोळ्याला ती सूचना दिसते, कानाला तीन सुटी अक्षरे ऐकू येतात. दुसरी खोड विसर्गाची. ‘दिनांक’ पुढे दोन टिंबांचे अपूर्णविराम चिन्ह द्यायचे, ते न सापडल्याने विसर्ग ठोकला जातो, आणि ऐकणाऱ्याला ‘दिनांकह’, ‘विषयह’, ‘संदर्भह’ अशी संस्कृत पाठशाळा ऐकावी लागते. तिसरी, मथळा ठळक आणि मोठा केला की झाले असे समजणे. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत हव्या त्या जागी पोहोचतो. वर्डमध्ये ‘हेडिंग’ची शैली दिली नसेल तर त्याच्यापुढे चाळीस पानांचा सलग ओढा. पहिल्यापासून ऐकत बसा.

तक्त्यांवर आम्ही मुद्दाम जास्त वेळ घालवला आहे, कारण सरकारी मराठीचे निम्मे जग तक्त्यांत राहते. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर. सात तालुक्यांच्या पावसाचा तक्ता घ्या. पहिल्या ओळीला आणि पहिल्या रकान्याला ‘शीर्षक’ म्हणून खूण केली असेल तर ऐकणाऱ्याला ‘साकोली, जुलै’ असे म्हणून मग आकडा ऐकू येतो. खूण नसेल तर नुसते आकडे, एकामागून एक, कुठल्या तालुक्याचे आणि कुठल्या महिन्याचे ते आपण लक्षात ठेवायचे. आणि तक्ता देखणा व्हावा म्हणून खाने एकत्र केले, मध्येच रिकाम्या ओळी सोडल्या, की तिढा आणखी वाढतो. लाभार्थी यादीखाली ‘लाल रंगातील अर्जदार अपात्र’ अशी टीप असते. ज्याला दिसत नाही, ज्याला लाल-हिरव्यातला भेद कळत नाही, किंवा ज्याच्याकडे काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सची प्रत आली, अशा तिघांनाही ती यादी निरुपयोगी. ‘शेरा’ नावाचा एक रकाना वाढवून त्यात ‘अपात्र’ लिहायचे, इतकाच उपाय.

चित्राला पर्यायी मजकूर द्यायचा म्हणजे काय, हेही एका उदाहरणाने सांगतो. जिल्ह्याचा नकाशा आहे. त्याला ‘नकाशा’ असे नाव देणे म्हणजे काहीच न देणे. ‘भंडारा जिल्ह्याचा रंगीत नकाशा’ हेही तेच. नकाशा कशासाठी दिला आहे ते आधी विचारावे. वैनगंगेच्या पुराची पूर्वसूचना असेल तर नदीकाठची कोणती गावे धोक्याच्या पट्ट्यात येतात ते लिहावे. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या मासेमारीची जाहिरात असेल तर कोणत्या तालुक्यातले कोणते तलाव, ते. गोसीखुर्दच्या बुडित क्षेत्राचा असेल तर पवनीपासून वर पाणी कुठवर चढते, ते. एकच नकाशा, पण तीन कामांसाठी तीन वर्णने. आणि पानाच्या कोपऱ्यातली वेलबुट्टी नुसती शोभेची असेल तर तिला ‘शोभेची’ अशीच खूण करून गप्प बसवावे, नाहीतर ऐकणाऱ्याला प्रत्येक पानावर ती अडवते.

दिसत नाही त्यांच्याबद्दलच मी इतका वेळ बोललो, कारण कागदपत्रांत पहिला फटका त्यांना बसतो. चित्रफितीत तो कर्णबधिरांना बसतो. प्रशिक्षणाच्या, लसीकरणाच्या, पीक सल्ल्याच्या फिती आता फोनवर येतात, आणि मागे संगीत लावून कोणीतरी बोलत असते. कॅप्शन नाहीत. आपोआप कॅप्शन काढणाऱ्या सोयीवर विसंबायचे तर आपल्या भागात जरा जपूनच. ही यंत्रे शिकली आहेत प्रमाण मराठीवर. इथल्या झाडीबोलीत ‘पानी’ म्हणतात, ‘डोरा’ म्हणतात. ण आणि ळ तिथे नाहीतच. साकोली-लाखांदूरकडची एखादी आजी कॅमेऱ्यासमोर मोकळेपणी बोलली की यंत्र तिच्या तोंडी कायच्या काय घालते. ते माणसानेच दुरुस्त करायला हवे, आणि दुरुस्त करताना तिची बोली पुण्याच्या साच्यात बसवू नये.

यातली एक बाब बऱ्याच जणांना ठाऊक नसते. लहानपणापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, लिहिलेली मराठी ही दुसरी. त्या भाषेसाठीची राष्ट्रीय संस्था २०१५ मध्ये स्थापन झाली आणि २०१८ मध्ये तिच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती तीन हजार शब्दांची निघाली. म्हणजे नुसते कॅप्शन दिले की भागले असे नाही. ‘उपरोक्त विषयान्वये सदरहू लाभार्थ्यांनी’ अशा थाटाचे वाक्य कॅप्शनमध्ये टाकले तर ऐकू येणाऱ्यालाही त्याचा अर्थ विचारावा लागतो. बौद्धिक अक्षमता असलेल्यांची तर गोष्टच वेगळी. सरळ, छोटी मराठी ही त्यांच्यासाठी गरज आहे, आणि बाकीच्यांवर उपकार.

मनोरंजनाचाही विचार व्हावा, नाहीतर दिव्यांग म्हटले की योजना आणि प्रमाणपत्र इतकेच आपल्याला सुचते. धान घरात आले की झाडीपट्टीतली नाटके रात्ररात्र रंगतात. त्यांतली गाणी, पल्लेदार संवाद, पेटी-तबला, सगळे कानावर तोललेले. अंध प्रेक्षक तिथे कमी पडत नाही. सिनेमाचे तसे नाही, तिथे पडद्यावर मुक्याने बरेच घडते. त्यासाठी दृश्याचे वर्णन करणारा स्वतंत्र ध्वनिपट लागतो. ‘पठाण’ चित्रपटाच्या वेळी, जानेवारी २०२३ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने ओटीटीवर येताना असे वर्णन आणि कॅप्शन द्यायला निर्मात्यांना सांगितले. पुढे मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतल्या सिनेमांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आली. झाडीपट्टीची नाटके आता फोनवरही पाहिली जातात. त्यांना कॅप्शन देण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाने अंगावर घेतले तर बोलीचा दस्तऐवजही आपसूक तयार होईल.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे, ती विसरू नये. ब्रेल छापणे, पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणे ही कामे इथल्या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. अंधांसाठीचे साहित्य टपाल खाते बिनपैशात पोहोचवते, त्यामुळे ब्रेलचे जाडजूड अंक खेड्यापर्यंत जाऊ शकतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र आहे. अंध वाचकांसाठी पुस्तकांची सुगम्य प्रत काढण्यास कॉपीराइटची आडकाठी नको, यासाठीचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये उघडले. मात्र या सगळ्यात पुस्तक आधी छापले जाते आणि मग कोणीतरी ते अंधांसाठी पुन्हा तयार करते. पहिल्यांदाच नीट केले तर दुसरी खेप वाचते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ पासून मोफत मिळतो आणि मराठी बोलतो. ऐकणारा तयार आहे, ऐकण्याजोगी फाईल तेवढी मिळत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. पूर्व विदर्भात घरोघरी माहीत असलेला सिकलसेलही त्यांत आला. सिकलसेलच्या रुग्णाला वाचायला अडचण नसते, पण दुखणे उसळले असता तालुक्याला खेटे घालणे त्याला झेपत नाही, म्हणून फोनवर होणारे काम फोनवरच पूर्ण व्हावे, ही त्याची गरज. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली. जनगणनेने तेव्हा आठच प्रकार मोजले होते. आजच्या व्याख्येने मोजले तर संख्या वाढेल. याच कायद्याचे कलम ४२ सांगते की ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य स्वरूपात असावा. राजीव रातुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारसवजा चालणार नाहीत, बंधनकारक हवेत, असे ठरवले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिका होत्या. ई-केवायसीसाठी ‘डोळे मिचकवा’ म्हणणारा फोन ज्यांना डोळे मिचकवता येत नाहीत त्यांचे खाते उघडू देत नव्हता. डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. एवढा आधार पाठीशी असताना ‘वरून आदेश नाही’ हे कारण कोणी देऊ नये.

‘आता एआय सगळे वाचून दाखवेल, मग हा खटाटोप कशाला?’ असे मला विचारले जाते. यंत्राने छापील पान वाचून दाखवण्याची सुरुवात रे कुर्झवाइल यांनी अमेरिकेत १९७६ मध्येच केली होती, आणि आजची यंत्रे मराठी स्कॅनही बऱ्यापैकी वाचतात. पण वाचतात म्हणजे अंदाज करतात. कवितेत एक अक्षर चुकले तर बिघडत नाही. गट क्रमांकातल्या १ चा ९ झाला तर शेजाऱ्याशी बांधावरची भांडणे उकरून निघतील, आणि ऐकणाऱ्याला चूक झाल्याचा पत्ताही लागणार नाही. जो आकडा आपल्याला पक्का ठाऊक आहे, तो फोटोत कोंडून यंत्राला ओळखायला लावायचा, हा उफराटा कारभार झाला.

पुस्तिकेत काय नाही, तेही सांगतो. संकेतस्थळ आणि ॲप बांधणाऱ्यांसाठी यात फारसे काही नाही. त्यांच्यासाठी शासनाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आणि भारतीय मानक आहे. जिल्ह्यांची संकेतस्थळे आता ज्या चौकटीवर चालतात तिच्या नावातच ‘सुगम्य’ शब्द आहे. चौकटीत टाकल्या जाणाऱ्या फाईली मात्र आपल्या टेबलावरून जातात, म्हणून आम्ही तिथेच थांबलो.

छापण्याआधी सगळी प्रकरणे लाखनीच्या मित्राने फोनवर ऐकली. तक्त्यांचे प्रकरण त्याने ‘डोळसाने लिहिलेले’ असा शेरा मारून परत पाठवले होते, ते पुन्हा लिहावे लागले. मुखपृष्ठावरच्या चित्राचे वर्णन लांबले आहे, अशी त्याची अजूनही तक्रार आहे. ती मात्र मला मान्य नाही.